केरातील धन : पेरियारकाठच्या एका गाळाचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सभासदांच्या जुन्या वह्या चाळल्या तर तीन प्रकारची बिऱ्हाडे त्यांत वारंवार आढळतात. काही नौदलातली, काही आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरांची आणि काही गलाईवाल्यांची. पहिली दोन बदलीच्या हुकुमाबरोबर येतात आणि तशीच जातात. त्यांच्या नावांपुढे तीन-चार वर्षांत रेघ ओढलेली दिसते. गलाईवाल्यांची नावे मात्र बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्याकडील खटाव, माण या अवर्षणाच्या पट्ट्यातून ही माणसे बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचा व्यवसाय घेऊन देशभर पसरली. जेथे सराफांची पेठ आहे तेथे गलाईचे मराठी दुकान नाही असे क्वचितच घडते.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासाविषयी' लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा प्रथम तंजावरच्या मराठ्यांचा विषय मनात आला. परंतु त्यावर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. शिवाय मला असे वाटले की, आपण एर्नाकुलमला राहतो, शिवरात्रीला पेरियारच्या वाळवंटात जाऊन येतो. पण त्याच नदीच्या काठी, आपल्या घरांपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, जो एक विलक्षण इतिहास घडला त्याची आपणांपैकी फारच थोड्यांना कल्पना आहे. त्या इतिहासाचे आणि आपल्या गलाईवाल्या बांधवांच्या व्यवसायाचे सख्खे नाते आहे. दोन्हींचा विषय एकच, केरातून धन काढणे.

मुशीजवळचा पहिला धडा

माझे एक चुलते त्रिचूरला गलाईच्या धंद्यात होते. शाळेत असताना एका उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे राहिलो होतो. सोनारांच्या दुकानांतला केर ते विकत घेतात हे पाहून मला हसू आले होते. जमिनीवरची झाडलोट, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, बसावयाच्या फाटक्या चटया, फुटक्या मुशींचे तुकडे असे सारे पोत्यांतून येई आणि त्याचे रोख पैसे मोजले जात. तो केर जाळून, धुऊन, आटवून शेवटी एक मळकट गोळा हाती लागे. त्यात सोने असे, चांदी असे, तांबेही असे.

पुढचे काम तेजाबाचे, म्हणजे नत्राम्लाचे. सोन्याच्या एका भागास सुमारे तीन भाग पडतील इतकी चांदी मिसळून गोळा पुन्हा वितळवीत, त्याचे पातळ तुकडे करीत आणि तेजाबात टाकीत. चांदी आणि तांबे विरघळून जात. सोने विरघळत नसे. ते तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने उरे. टाकणखार घालून ती आटवली की चोख सोने. मग त्या द्रवात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी खाली बसे. शेवटी राही ते निळे पाणी. "कोण कशात विरघळतो आणि कोण विरघळत नाही, एवढे ओळखले की धंदा आला," असे चुलते म्हणत. त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. तेजाबातून निघणारा तांबूस धूर आणि गटारात ओतलेले निळे पाणी मात्र डोळ्यांसमोर राहिले.

मी इतिहासाचा पदवीधर; रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. पण नोकरीच्या निमित्ताने या भागात आलो, एलूर-आलुव्याचा औद्योगिक पट्टा पाहिला, त्याचा इतिहास मिळेल तेवढा वाचला आणि चुलत्यांचे ते वाक्य नव्याने उमगले.

काथ्याला चिकटलेली वाळू

या कथेचा आरंभ युरोपातल्या एका दिव्यापासून होतो. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये गॅसच्या दिव्यावर बसवावयाच्या जाळीचे पेटंट घेतले आणि १८९१ मध्ये तिचे सुधारलेले रूप सिद्ध केले. सुती जाळी थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवावयाची. पेटवली की सूत जळून जाते आणि थोरियम ऑक्साइडची नाजूक जाळी उरते. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण साधले की ज्योतीत ती जाळी लख्ख पांढरा प्रकाश देते. आपल्याकडे तमाशाच्या फडांत आणि लग्नाच्या वरातींत ज्या गॅसबत्त्या झगमगल्या, त्यांचे मँटल ते हेच.

थोरियम मिळे मोनाझाइट नावाच्या जड, पिवळसर तांबूस वाळूतून, आणि ही वाळू त्या वेळी प्रामुख्याने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण दिसले. आपल्या मालाला वाळू चिकटली आहे ही काथ्याच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने तक्रारीची बाब. परंतु त्या तक्रारीच्या वाळूतच एका राज्याचे खनिज वैभव दडलेले होते. त्रावणकोरच्या मोनाझाइटात थोरियमचे प्रमाण ब्राझीलच्या वाळूहून जास्त निघाले. थोड्याच वर्षांत मणवाळकुरिची येथे वाळू वेचण्याचा कारखाना उभा राहिला. हे गाव आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा या व्यवसायातली जर्मन माणसे गेली आणि इंग्रज कंपन्या आल्या.

केर आणि माल यांची अदलाबदल

येथपासून पुढे या खनिजाच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा घडताना दिसते. ज्याला आज माल म्हणावे तो उद्या केर ठरतो आणि कालचा केर आज माल होतो.

मोनाझाइटात थोरियम ऑक्साइड ८ ते १० टक्के असते. त्याच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे ५५ ते ६० टक्के, असतात सिरियम, लँथॅनम, निओडिमियम इत्यादी विरल मृत्तिकांची ऑक्साइडे. मँटल करणाऱ्याला हवे थोरियम; बाकीचे सारे अडगळ. कारखान्यांच्या आवारात या अडगळीचे ढीग साचले. तेव्हा त्याच आउअरने १९०३ मध्ये त्या टाकाऊ धातूंच्या मिश्रणात सुमारे ३० टक्के लोखंड घालून घासताच ठिणगी पाडणारी मिश्रधातू तयार केली. सिगारेट लायटरमधली चकमक तिचीच. ज्याने केर निर्माण केला त्यानेच त्याची वाट लावली, हे औद्योगिक इतिहासात नेहमी घडत नाही, म्हणून त्याची नोंद केली पाहिजे.

दुसरा फेरा वाळूचाच. मोनाझाइट वेचताना त्याच्याबरोबर येणारी काळी, जड इल्मेनाइटची वाळू प्रारंभी बाजूला सारली जाई. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तीही इल्मेनाइटचीच. पुढे तिच्यापासून पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम ऑक्साइड बनू लागले आणि १९२२ च्या सुमारास तिला व्यापारात मोल आले. इकडे विजेचे दिवे पसरले, गॅसबत्तीचे दिवस सरू लागले आणि मोनाझाइट मागे पडले. दोन वाळूंनी जागा बदलल्या.

तिसरा फेरा घडवला अणुबाँबने. १९४५ नंतर थोरियमकडे जग निराळ्या नजरेने पाहू लागले, कारण अणुभट्टीत त्याचे रूपांतर इंधनात होऊ शकते. १९४६ मध्ये मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि १८ ऑगस्ट १९५० रोजी केंद्र सरकार व त्रावणकोर-कोचीन राज्य यांच्या भागीदारीत इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी नोंदवण्यात आली. फ्रान्समधील एका कंपनीच्या साहाय्याने आलुव्याजवळ, पेरियारच्या काठी, तिचा कारखाना उभा राहिला. २४ डिसेंबर १९५२ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले होमी सेठना हे या कारखान्याच्या प्रारंभीच्या धुरीणांपैकी होत.

कारखान्यातील पद्धत थोडक्यात अशी होती. वाळू मैद्यासारखी दळावयाची आणि तीव्र कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवावयाची. तिच्यातला फॉस्फेटचा अंश सोड्याशी मिळून ट्रायसोडियम फॉस्फेट होतो. ते धुलाईच्या कामी विकले जाते. उरलेल्या लगद्यावर हायड्रोक्लोरिक अम्लाची क्रिया इतक्या बेताने करावयाची की विरल मृत्तिका विरघळाव्यात आणि थोरियम विरघळू नये. गाळून घेतले की द्रवात विरल मृत्तिका आणि कापडावर थोरियमचा गाळ. चुलत्यांच्या तेजाबाचाच हा प्रकार: कोण विरघळतो, कोण विरघळत नाही.

या गाळात थोरियमच्या सोबतीला आणखी एक पाहुणा असतो. मोनाझाइटात सुमारे ०.३ टक्का युरेनियम ऑक्साइड असते, म्हणजे एका टनात जेमतेम तीन किलो. ते या गाळातच अडकून राहते. आपल्या देशात युरेनियम विपुल नाही. म्हणून तीन किलोंनाही किंमत होती. प्रश्न एवढाच की, गाळात मिसळलेले ते चिमूटभर युरेनियम बाहेर काढावयाचे कसे?

घुसळणे आणि निवळणे

स्वभावाने सारखे असलेले धातू एकमेकांपासून वेगळे करणे हे रसायनशास्त्रातील फार जुने दुखणे होते. आउअरने १८८५ मध्ये डिडिमियम या तथाकथित मूलद्रव्यातून निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम ही दोन वेगळी केली, ती क्षारांचे स्फटिक पुनःपुन्हा पाडून. अमेरिकेतील चार्ल्स जेम्स याने १९११ मध्ये थुलियम शुद्ध केले तेव्हा त्याला सुमारे १५,००० वेळा स्फटिक पाडावे लागले. एवढी चिकाटी तपस्व्याजवळ असते, कारखान्याजवळ नसते.

ज्या युक्तीने हा प्रश्न सुटला तिला इंग्रजीत सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन आणि आपल्या परिभाषेत द्रावक निष्कर्षण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी तिचे मर्म ताक घुसळणाऱ्या कोणत्याही गृहिणीस समजेल. एका बाटलीत पाणी आणि रॉकेल घालून हलवले तर क्षणभर दोन्ही एकजीव झाल्यासारखी दिसतात. बाटली टेकवली की रॉकेल वर, पाणी खाली. आता पाण्यात निरनिराळे धातू विरघळलेले आहेत आणि रॉकेलात असे एक द्रव्य मिसळले आहे की जे त्यांतल्या एकाच धातूला जवळ करते. मग घुसळताना तो धातू पाणी सोडून रॉकेलात जातो, बाकीचे पाण्यातच राहतात. निवळल्यावर वरचा थर काढून घ्यावा, तो सौम्य अम्लाच्या ताज्या पाण्याबरोबर पुन्हा घुसळावा, की तो धातू एकटाच पाण्यात परत येतो. रॉकेल पुढच्या फेरीस मोकळे.

एका घुसळणीत काम पुरे होत नाही. म्हणून अशी अनेक पात्रे ओळीने मांडतात. रॉकेल एका टोकाकडून आणि पाणी दुसऱ्या टोकाकडून सोडतात. दोघे वाटेत प्रत्येक पात्रात भेटतात, घुसळले जातात, निवळतात आणि आपापल्या दिशेने पुढे जातात. युरेनियमसारख्या वेगळ्या स्वभावाच्या धातूस थोडी पात्रे पुरतात. विरल मृत्तिकांसारख्या जुळ्या भावंडांना वेगळे करावयाचे तर ती शेकडो लागतात. जेम्सचे पंधरा हजार स्फटिक येथे यंत्राच्या अखंड प्रवाहात विरघळून गेले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या युक्तीचा इतिहासही उद्बोधक आहे. युरेनियमचे नायट्रेट ईथरमध्ये विरघळते हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेलिगो याने १८४२ मध्येच दाखवले होते. दोन न मिसळणाऱ्या द्रवांत एखादा पदार्थ कोणत्या प्रमाणात वाटला जातो, याचा नियम नेर्न्स्ट याने १८९१ मध्ये मांडला. पण शंभर वर्षे ही गोष्ट बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाला अतिशुद्ध युरेनियम टनांनी हवे झाले तेव्हा सेंट लुईसच्या कारखान्यात ईथरची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ईथर अतिशय ज्वालाग्राही. म्हणून युद्धानंतर ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचे सुरक्षित द्रव्य रॉकेलासारख्या तेलात मिसळून वापरण्यात येऊ लागले. संहारासाठी वाढवलेली विद्या नंतर संसारोपयोगी झाली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन पास येथे याच विद्येने युरोपियम वेगळे केले गेले, आणि रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्याला खरा तांबडा रंग मिळाला.

आपल्या देशात या विद्येचे माहेरघर मुंबईजवळचे तुर्भे. तेथे १९५५ मध्ये थोरियमचा कारखाना सुरू झाला. आलुव्याचा गाळ तेथे जाई. त्यातून मँटलसाठी थोरियम नायट्रेट तयार होई आणि युरेनियमही निघे. जानेवारी १९५९ मध्ये तुर्भ्यालाच अणुभट्टीच्या दर्जाचे युरेनियम तयार झाले. त्याच्या शुद्धीसाठी ट्रायब्युटिल फॉस्फेटच वापरले होते. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम परत मिळवणाऱ्या तेथील कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी २२ जानेवारी १९६५ रोजी केले. तेथेही हेच घुसळणे आणि निवळणे, फक्त जाड भिंतींआड.

कोठारातला गाळ

थोरियम आज ना उद्या लागेल, ही डॉ. भाभांची दृष्टी होती. परंतु तो 'उद्या' लांबत गेला. मँटलपुरती मागणी थोडी. अणुभट्ट्यांना थोरियम लागण्याची वेळ आलेली नाही. आलुव्यास मोनाझाइट फोडले जात होते, विरल मृत्तिका विकल्या जात होत्या आणि गाळ साचत होता. तो काँक्रीटच्या कोठारांत साठवण्यात आला. ज्या थोरियमसाठी एकेकाळी विरल मृत्तिका फेकून दिल्या, तेच आता विरल मृत्तिकांच्या कारखान्यातले शेष होऊन बसले. आउअरच्या काळचे चक्र पूर्ण उलटे फिरले होते.

या शतकाच्या पहिल्या दशकात ती कोठारे उघडण्यात आली. जुना गाळ काढून अम्लात विरघळवण्यात आला, द्रावक निष्कर्षणाने त्यातले युरेनियम वेगळे केले गेले, आणि थोरियम ऑक्झॅलेटच्या रूपात आणून पुन्हा नीट साठवण्यात आले. दरम्यान मोनाझाइट फोडण्याचे काम आलुव्यास थांबले. ते आता ओडिशातील छत्रपूरच्या कारखान्यात होते. तेथून येणाऱ्या मिश्र क्लोराइडातून आलुव्यास एकेक विरल मृत्तिका वेगळी करतात.

मला यात विशेष वाटते ते युरेनियमच्या किलोंपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या पिढीने तो गाळ साठवला तिला त्याचा उपयोग दिसला नाही. तरीही तो कोठे आहे आणि किती आहे याची नोंद ठेवली गेली. पुढच्या पिढीला तो सापडला, कारण आधीच्या पिढीने तो हरवला नव्हता.

याउलट मलेशियाचे उदाहरण पाहा. पेराक राज्यात कथिलाच्या खाणींतून उरणाऱ्या, 'अमांग' नावाच्या टाकाऊ वाळूतही मोनाझाइट असते. त्यातून विरल मृत्तिका काढण्याचा कारखाना १९८२ मध्ये बुकिट मेरा या वस्तीजवळ सुरू झाला. कल्पना उत्तम होती. केरातून धनच काढावयाचे होते. पण थोरियमचे किरणोत्सर्गी अवशेष कोठे आणि कसे ठेवावयाचे याचे उत्तर रहिवाशांना समाधानकारक वाटले नाही. १९८५ मध्ये ते न्यायालयात गेले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरवला, तरी जानेवारी १९९४ मध्ये कारखाना बंदच झाला, आणि नंतर दीर्घ काळ साफसफाई चालली. गाळ तोच, त्याला जागा आणि जबाबदार धनी लाभला नाही. थोरियम निम्मे होण्यास सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात. अशा पदार्थाची 'विल्हेवाट' लागत नाही. त्याची राखणच करावी लागते.

आपल्या दारचीही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एलूर-एडयारच्या औद्योगिक पट्ट्याने पेरियारला किती मलिन केले याविषयी तेथील रहिवासी अनेक दशके आवाज उठवत आहेत. निष्कर्षणाची विद्याही सोवळी नाही. तिला अम्ल लागते, तेल लागते, पाणी तर अतोनात लागते, आणि शेवटी तीही काही क्षारयुक्त सांडपाणी मागे ठेवते. एका केरातून धन काढताना दुसरा केर होतो. त्याचाही जमाखर्च मांडला तरच हा व्यवहार प्रामाणिक ठरतो.

हिशेबाबाहेरचे

जमाखर्चाचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. माझे आयुष्य लेखापरीक्षणात गेले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, दुसऱ्या एका राज्यातील एका उपक्रमाच्या भांडारात, गंधकाम्ल बनवताना वापरून निकामी झालेल्या उत्प्रेरकाची पिंपे मला आढळली. वर्षानुवर्षे पडून असलेला, मूल्य न लावलेला माल! तरुण परीक्षकाला याहून आनंददायक दृश्य नसते. 'निरुपयोगी माल त्वरित विकून जागा मोकळी करावी,' असा शेरा मी मारला. भंगाराच्या भावाने लिलाव झाला आणि माझ्या शेऱ्याची पूर्तता झाल्याची नोंद झाली. त्या पिंपांत व्हॅनेडियम होते आणि घेणाऱ्याने ते काढून विकले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पडून असलेल्या मालाला मी केर म्हटले, कारण माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. चूक भांडारपालाची नव्हती, माझी होती.

आज सारे जग या रकान्याच्या शोधात आहे. फ्रान्समधील ला रोशेल येथे २०१२ च्या सुमारास जुन्या फ्लुओरेसंट दिव्यांच्या पुडीतून विरल मृत्तिका काढण्याचा कारखाना सुरू झाला. भाव उतरले, तसले दिवेही मागे पडले, आणि २०१६ मध्ये तो बंद झाला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल धातूंच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला आणि मोटारींच्या कारखान्यांना चुंबकांची चणचण भासू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. भाव चढले की केर आठवतो, उतरले की विसरतो. पेरियारकाठच्या गाळाचा इतिहास सांगतो तो असा की, केवळ बाजारभावावर ही विद्या टिकत नाही. भाव नसतानाच्या दिवसांत कोणीतरी तो माल सांभाळावा लागतो.

आणि माणसेही. चुलत्यांना शेवटची काही वर्षे खोकल्याने ग्रासले होते. सोन्याचा कणही वाया जाऊ न देणाऱ्या त्या माणसाने आयुष्यभर आपल्या छातीत गेलेल्या तांबूस धुराचा हिशेब कधी ठेवला नाही. त्यांच्यासाठी तो आम्हीही ठेवला नाही. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावाकडची विहीर खोदली गेली, दोन बहिणींची लग्ने झाली, आणि माझ्या पदवीच्या परीक्षेची फीही त्यातूनच गेली.

त्यांचा मुलगा आज त्याच दुकानात बसतो. धूर ओढून घेऊन तो पाण्यातून धुणारे यंत्र त्याने बसवले आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दुकानाच्या मागल्या बाजूस निळ्या पाण्याने भरलेले एक मोठे पिंप दिसले. आता ते गटारात ओतत नाहीत. त्यात लोखंडाचे तुकडे टाकलेले होते आणि त्यांवर तांब्याचा तांबडा थर हळूहळू चढत होता. किती निघते, असे विचारल्यावर त्याने एक वही पुढे केली. तारीखवार नोंद होती. आकडे लहान होते, पण एकही रकाना रिकामा नव्हता.